तंबोऱ्याच्या घोडीपासून बेदाण्यापर्यंत : जवळच्या छायाचित्रांसाठी फोकस स्टॅकिंग

मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले; सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते त्याआधीच, अनुक्रमे २०१६ आणि २०१८ मध्ये मिळाले होते. या वस्तूंचा परगावचा ग्राहक आता बहुधा त्या हातात घेण्याआधी मोबाइलच्या पडद्यावर पाहतो. वस्तू हातात नसताना तिची पारख करायची, तर छायाचित्रात ते सगळे दिसले पाहिजे, जे दुकानात उभे राहून डोळ्यांजवळ धरल्यावर दिसले असते. तंबोरा घेणारा गायक घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा किती सफाईने घासला आहे ते पाहतो, बेदाण्याचा व्यापारी सालीवरच्या सुरकुत्या आणि देठाचा भाग पाहतो, सोनाराकडे गेलेली बाई नथीतला प्रत्येक मोती वेगळा निरखते. नेमके हेच तपशील जवळून टिपताना कॅमेरा अडतो, कारण एका फ्रेममध्ये पुढचा मोती रेखीव आला की मागचा धूसर होतो आणि मागचा साधला की पुढचा जातो.

यावरचा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग. कॅमेरा आणि वस्तू जागची न हलवता, फोकस पुढून मागे थोडा थोडा सरकवत अनेक छायाचित्रे घ्यायची आणि नंतर प्रत्येकातला फक्त स्पष्ट भाग उचलून त्यांचे एक छायाचित्र करायचे, एवढीच त्यामागची कल्पना आहे. हे काम सॉफ्टवेअर करते, म्हणून सगळे लक्ष सॉफ्टवेअरकडे जाते, परंतु माझ्या मते चांगल्या स्टॅकचा निकाल बटण दाबण्याआधीच लागलेला असतो. सॉफ्टवेअर फक्त निवड करू शकते. जी रेष कोणत्याही फ्रेममध्ये स्पष्ट नाही, ती त्याला आणता येत नाही. म्हणून या लेखात मोजमाप, स्थैर्य आणि प्रकाश यांना जोडणीपेक्षा जास्त जागा दिली आहे.

आधी खोली मोजावी

जवळच्या छायाचित्रात स्पष्ट दिसणारा पट्टा, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, किती अरुंद असतो याचा अंदाज आकड्यांशिवाय येत नाही. हा पट्टा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो : ॲपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफ/८ सारखा त्याचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि मॅग्निफिकेशन (कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरवर वस्तू तिच्या खऱ्या आकाराच्या किती पट उमटते ते). मॅग्निफिकेशन काढण्याची सोपी रीत अशी की वस्तूच्या जागी स्टीलची फूटपट्टी धरावी, फ्रेमच्या रुंदीत किती मिलिमीटर मावतात ते पाहावे आणि सेन्सरच्या रुंदीला त्या आकड्याने भागावे. फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, एपीएस-सी सेन्सर बहुतेक कंपन्यांत साधारण २३.५ मिलिमीटर. फ्रेममध्ये ७२ मिलिमीटर पट्टी दिसत असेल, तर फुल फ्रेमवर मॅग्निफिकेशन अर्धे झाले.

पट्ट्याच्या रुंदीचे व्यवहारात पुरणारे सूत्र असे आहे : ॲपर्चरच्या आकड्याची दुप्पट घ्यावी, तिला सेन्सरवर चालणाऱ्या धूसरपणाच्या मर्यादेने गुणावे (फुल फ्रेमसाठी ०.०३ मिलिमीटर, एपीएस-सीसाठी ०.०२), मग मॅग्निफिकेशनमध्ये एक मिळवून त्याने गुणावे आणि शेवटी मॅग्निफिकेशनच्या वर्गाने भागावे. फुल फ्रेमवर एफ/८ ठेवून हिशोब केला, तर मॅग्निफिकेशन पाव असताना पट्टा सुमारे ९.६ मिलिमीटर येतो, अर्धे असताना २.९ मिलिमीटर, आणि वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकाराएवढी उमटत असेल तेव्हा जेमतेम एक मिलिमीटर. नथीतला एखादा टपोरा मोतीसुद्धा यापेक्षा बराच खोल असतो.

मग ॲपर्चर एफ/२२ पर्यंत मिटवून एकाच फ्रेममध्ये काम का भागवू नये, हा प्रश्न साहजिक आहे. अडचण डिफ्रॅक्शनची आहे. छिद्र जितके लहान, तितका प्रकाश कडांवरून पसरतो आणि प्रत्येक बिंदूची सेन्सरवर एक चकती होते. जवळच्या कामात हे आणखी बिघडते, कारण लेन्सवर दिसणारा आकडा आणि प्रत्यक्ष परिणाम यांत फरक पडतो : पारंपरिक रचनेच्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपण्याच्या, लेन्सवर खऱ्या आकाराच्या मॅग्निफिकेशनला एफ/१६ चा परिणाम एफ/३२ एवढा होतो. तेव्हा ती चकती सुमारे ०.०४३ मिलिमीटरची होते, म्हणजे वर धरलेल्या ०.०३ च्या मर्यादेपेक्षाही मोठी. त्यामुळे सगळे सारखेच दिसते, पण सारखेच मऊ दिसते. स्टॅकिंगसाठी लेन्स जिथे सर्वांत रेखीव असते, तिथेच ठेवावी. बहुतेक मॅक्रो लेन्सवर हे एफ/५.६ ते एफ/८ च्या आसपास असते.

दोन फ्रेममधले अंतर, ज्याला पुढे मी पाऊल म्हणणार आहे, सूत्रातून आलेल्या पट्ट्याएवढे ठेवू नये. सूत्रातली ०.०२ किंवा ०.०३ ची मर्यादा हातातल्या छोट्या प्रिंटसाठी ठीक आहे, पण ग्राहक पडद्यावर चित्र मोठे करून पाहतो. सहा हजार पिक्सेल रुंद एपीएस-सी फ्रेम दोन हजार पिक्सेलला लहान केली, तर अंतिम चित्रातला एक पिक्सेल सेन्सरवरच्या सुमारे ०.०१२ मिलिमीटरएवढा असतो. म्हणून पट्ट्याच्या निम्मे पाऊल घेणे हा सुरक्षित नियम आहे. त्यामुळे शेजारच्या फ्रेमचे स्पष्ट भाग एकमेकांवर चांगले चढतात आणि जोडताना मध्ये धूसर पट्टा राहत नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगाविशी वाटते : गरज नसेल तर स्टॅक करू नये. सपाट ठेवलेली ठुशी बरोबर वरून, कॅमेरा तिला समांतर ठेवून टिपली, तर खोली सहा-आठ मिलिमीटरच उरते आणि तीन-चार फ्रेममध्ये काम होते. साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पूर्ण बॉक्स दाखवायचा असेल, तर अंतर इतके वाढते की एफ/११ वर एकच फ्रेम बहुधा पुरते.

टेबल, जमीन आणि प्रकाश

फ्रेम तीस असोत की तीनशे, त्या सगळ्यांत वस्तू त्याच जागी असली पाहिजे. मिरज, सातारा, वाई येथील जुन्या घरांत माडीची जमीन लाकडी असते आणि कोणी चालले की ट्रायपॉड हलतो. अशा घरात हे काम तळमजल्यावर, फरशीवर करावे. रस्त्यालगतच्या दुकानात जड वाहन गेल्याचा धक्का काचेच्या काउंटरला जाणवतो, म्हणून काउंटरऐवजी कडाप्प्याचा ओटा किंवा जड लाकडी टेबल वापरावे. कॅमेरा एका आधारावर आणि वस्तू दुसऱ्या आधारावर असण्यापेक्षा दोन्ही एकाच टेबलावर असलेले बरे, कारण मग टेबल हलले तरी दोघांतले अंतर फारसे बदलत नाही. पंखा बंद करावा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नये. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना लेन्समधले आणि बॉडीमधले स्टॅबिलायझेशन बंद ठेवावे आणि शटर रिमोटने किंवा दोन सेकंदांच्या टायमरने उघडावे.

प्रकाश सर्व फ्रेममध्ये सारखा हवा. खिडकीचा प्रकाश सुंदर असतो, पण श्रावणातल्या ऊन-पावसात एका स्टॅकच्या मुदतीत तो दोनदा बदलू शकतो. म्हणून पडदे ओढून एलईडी किंवा फ्लॅश वापरणे योग्य. साध्या घरगुती एलईडी बल्बचा प्रकाश आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर त्याचे आडवे पट्टे उमटतात. अशा वेळी शटर १/२५ सेकंद किंवा त्याहून संथ ठेवावे, म्हणजे चढ-उतारांची सरासरी होऊन जाते. वस्तू स्थिर असल्यामुळे संथ शटरने काही बिघडत नाही. फ्लॅश वापरत असाल, तर दोन फ्रेमच्या मध्ये तो पूर्ण भरेल एवढा वेळ सोडावा, नाही तर काही फ्रेम काळपट येतात. तसेच अनेक कॅमेऱ्यांत सायलेंट शटर चालू असताना फ्लॅश पेटतच नाही, हे आधी तपासून घ्यावे.

स्टॅकमध्ये प्रकाश मऊ असण्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. धातूवरची लखलखीत चमक फोकसबाहेर गेली की मोठी गोल चकती होते आणि फोकसमध्ये आली की बारीक ठिपका होते. प्रत्येक फ्रेममध्ये तिचा आकार वेगळा असल्यामुळे सॉफ्टवेअर तिच्या कडांनाच तपशील समजते आणि चमकेभोवती कड्यांचे घेर उमटतात. बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर वस्तूच्या शक्य तितका जवळ, लाइट आणि वस्तू यांच्यामध्ये ताणून लावला, तर ती चमक ठिपक्याऐवजी पसरट, मऊ उजेड बनते आणि निम्मा त्रास वाचतो. सावलीच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करावा. सोन्याचांदीची कड उठून दिसावी म्हणून कधी कधी काळ्या कार्डशीटची अरुंद पट्टीही लावावी लागते.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल, आयएसओ १००, व्हाइट बॅलन्स ठरावीक आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. यांतले काहीही ऑटो राहिले, तर फ्रेमगणिक रंग किंवा उजेड बदलतो.

फोकस सरकवण्याचे मार्ग

फोकस तीन मार्गांनी सरकवता येतो. पहिला, लेन्सची फोकस रिंग हाताने फिरवणे. लाइव्ह व्ह्यू मोठा करून सर्वांत पुढचा भाग स्पष्ट करावा आणि अगदी थोडी थोडी रिंग फिरवत मागे जावे. यंत्रणा नसेल तेव्हा हे चालते, पण प्रत्येक स्पर्शाने कॅमेरा थोडा हलतो आणि पावले असमान पडतात, त्यामुळे फ्रेम अंदाजापेक्षा दीडपट घ्याव्यात.

दुसरा मार्ग रेलचा. त्यात फोकस एका जागी ठेवून संपूर्ण कॅमेरा स्क्रूवर पुढे सरकवतात. खऱ्या आकाराच्या पुढे, म्हणजे नथीतला एकच खडा फ्रेमभर घ्यायचा असेल, तेव्हा रेल उत्तम. त्याहून कमी मॅग्निफिकेशनला मात्र फोकस बदलणे अधिक चांगले, कारण कॅमेरा सरकला की त्याचा दृष्टिकोन सरकतो, पुढच्या भागाआडून मागचा भाग थोडा जास्त किंवा कमी दिसू लागतो आणि जोडताना कडांवर गोंधळ होतो.

तिसरा आणि आज सर्वांत सोयीचा मार्ग म्हणजे कॅमेऱ्यातच असलेली सोय. निकॉनने २०१७ च्या डी-८५० मध्ये ती फोकस शिफ्ट शूटिंग या नावाने दिली आणि नंतरच्या झेड मालिकेतल्या अनेक कॅमेऱ्यांत ती आहे. कॅननच्या ईओएस आरपीपासून अनेक आर मालिकेच्या कॅमेऱ्यांत, तसेच फुजीफिल्म, पॅनासॉनिक आणि ऑलिंपस यांच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत फोकस ब्रॅकेटिंग मिळते. ऑलिंपस आणि ओएम सिस्टिमचे काही कॅमेरे, तसेच कॅननचा आर-७, जोडणीही आतच करून देतात. घाईच्या कामाला ती ठीक आहे, पण आतली जोडणी जेपेगमध्ये मिळते आणि चुकलेली कड दुरुस्त करण्याची संधी त्यात जवळजवळ नसते. विक्रीच्या मुख्य चित्रासाठी मी सुट्या फ्रेमच घेईन. जुन्या कॅननवाल्यांना आणि निकॉनवाल्यांना संगणकाला केबल जोडून डिजिकॅमकंट्रोल या मोफत प्रोग्रॅमने किंवा हेलिकॉन रिमोटने हेच करता येते.

या सोयीत पावलाचा आकडा १ ते १० असा असतो आणि तो मिलिमीटरमध्ये नसतो. त्याच आकड्याचे पाऊल लेन्स, अंतर आणि ॲपर्चर यांनुसार बदलते. म्हणून प्रत्येक लेन्सची एकदा चाचणी घ्यावी. स्टीलची पट्टी टेबलावर अशी टेकवून ठेवावी की ती कॅमेऱ्याच्या रेषेशी ४५ अंशांचा कोन करेल, पावलाचा आकडा ३ ठेवून दहा फ्रेम घ्याव्यात आणि पहिल्या व शेवटच्या फ्रेममध्ये पट्टीवरची कोणती खूण सर्वांत रेखीव आहे ते पाहावे. दोन खुणांतल्या अंतराला ०.७ ने गुणले की कॅमेऱ्याच्या दिशेने फोकस किती सरकला ते कळते, आणि त्याला नवाने भागले की एक पाऊल मिळते. हा आकडा वहीत लेन्सच्या नावापुढे लिहून ठेवावा.

एक उदाहरण : तंबोऱ्याची घोडी

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या एखाद्या कारागिराच्या तंबोऱ्याची घोडी दाखवायची आहे, असे धरू. चित्रात पुढे तारांमध्ये ओवलेले चार मणी, त्यांच्या मागे घोडी, घोडीच्या माथ्यावर किंचित उताराने टेकलेल्या तारा आणि त्यांच्याखाली सरकवलेले सुताचे दोरे हे सगळे रेखीव हवे. त्यापलीकडे तबलीवरून, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावरून, दांडीकडे जाणाऱ्या तारा धूसर झाल्या तरी हरकत नाही, उलट त्या तशाच शोभतात. विकत घेणाऱ्याला जे पाहायचे आहे ते माथ्याच्या त्या घासलेल्या पृष्ठभागावर आहे, कारण तार तिथे किती आणि कशी टेकते यावर जवारी, म्हणजे तारेच्या स्वरातली गुंजन, अवलंबून असते.

तंबोरा पाठीवर आडवा ठेवावा आणि गोल भोपळा डुगडुगू नये म्हणून खाली कापडाची घट्ट चुंबळ व दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या द्याव्यात. तारा सुरात लावलेल्या असाव्यात. सैल तार श्वासानेही हलते आणि छायाचित्रात तिची दुहेरी रेष येते. घोडीवर लाकडाचा भुसा, पॉलिशचे कण आणि बोटांचे ठसे असतात. ते मऊ, कोरड्या ब्रशने आणि ब्लोअरने काढावेत. दोऱ्यांना मात्र हात लावू नये : ते कारागिराने कानाने ठरवलेल्या जागी असतात आणि केसभर सरकले तरी जवारी बदलते. दोऱ्याला चिकटलेला कण काढायचा असेल, तर ते काम त्यालाच सांगावे.

कॅमेरा लंगोटाच्या, म्हणजे तारांची खालची टोके बांधतात त्या भागाच्या, बाजूने, तबलीपासून साधारण ३० अंश वर. एपीएस-सी सेन्सर आणि ९०-१०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल आणि फ्रेममध्ये ८० मिलिमीटर रुंदी बसवली, तर मॅग्निफिकेशन ०.३ च्या जवळ येते. या रुंदीत कडेने थोडी मोकळी जागा मुद्दाम ठेवावी, कारण फोकस बदलताना लेन्सची चौकट किंचित लहान-मोठी होते आणि फ्रेम एकमेकांशी जुळवल्यावर कडेची पट्टी कापावी लागते. चहूबाजूंनी दहा टक्के सोडले की पुरते. एफ/८ वर सूत्राने पट्टा ४.६ मिलिमीटर येतो, म्हणून पाऊल २.३ धरू. पहिल्या मण्याच्या टोकापासून घोडीच्या मागच्या कडेपर्यंत कॅमेऱ्याच्या दिशेने मोजलेले अंतर ७० मिलिमीटर असेल, तर ३१ फ्रेम होतात. पुढे दोन आणि मागे तीन जादा धरून ३६ घ्याव्यात. पहिल्या फ्रेमचा फोकस मण्याच्याही किंचित अलीकडे, हवेत असावा. कॅमेऱ्यातली सोय फोकस जवळून दूर नेते, म्हणून सुरुवात अपुरी राहिली तर ती नंतर भरून काढता येत नाही. शेवटी जास्तीच्या फ्रेम आल्या तर त्या सरळ गाळता येतात.

मुख्य प्रकाश डाव्या बाजूने, तबलीला जवळजवळ समांतर आणि बटर पेपरमधून यावा. समोरून उजेड टाकला तर माथा सपाट पांढरा दिसतो; बाजूने आणि खालून आलेल्या उजेडात कानशीच्या बारीक रेघा, माथ्याचा हलका फुगीरपणा आणि तारेने पाडलेली पुसटशी खूण वेगळी होते. दोन सेकंदांच्या अंतराने ३६ फ्रेम घेण्यास सव्वा मिनिटाच्या आसपास लागते. तेवढा वेळ दुकानातल्या सर्वांनी जागच्या जागी थांबावे, एवढी विनंती करणे गैर नाही.

घेतल्यावर लगेच, तंबोरा न हलवता, पहिली, मधली आणि शेवटची फ्रेम शंभर टक्के मोठी करून पाहावी. पहिल्या फ्रेममध्ये मणीही धूसर हवा आणि शेवटच्या फ्रेममध्ये घोडीची मागची कड मागे पडलेली हवी.

जोडणी

सर्व रॉ फाइल एकाच मापाने उघडाव्यात : एकीवर रंग आणि उजेड ठरवून त्याच सेटिंग बाकीच्यांना लावाव्यात, शार्पनिंग शून्य किंवा अगदी कमी ठेवावे आणि १६ बिट टिफ काढाव्यात. शार्पनिंग आधी केले, तर सॉफ्टवेअर नॉइजलाही, म्हणजे चित्रातल्या दाणेदार ठिपक्यांनाही, तपशील समजते. सेन्सरवर धूळ असेल तर तीही याच टप्प्यावर प्रत्येक फ्रेममधून काढावी. साध्या छायाचित्रात एका कणाचा एक डाग पडतो. स्टॅकमध्ये फ्रेम एकमेकांशी जुळवताना किंचित लहान-मोठ्या होतात, म्हणून त्याच कणाच्या डागांची रांग तयार होते आणि ती पुसणे फार किचकट असते.

फोटोशॉपमध्ये सगळ्या फाइल एका डॉक्युमेंटमध्ये लेयर म्हणून उघडाव्यात, सगळे लेयर निवडून ऑटो-अलाइन लेयर्स चालवावे आणि मग ऑटो-ब्लेंड लेयर्समध्ये स्टॅक इमेजेस हा पर्याय निवडावा. २४ मेगापिक्सेलची एक १६ बिट फ्रेम मेमरीत सुमारे १४४ एमबी होते, म्हणजे ३६ फ्रेमच्या पाच जीबीहून अधिक. संगणक अडखळत असेल, तर दहा-बारा फ्रेमचे गट करावेत, शेजारच्या गटांत दोन-तीन फ्रेम सामाईक ठेवाव्यात, प्रत्येक गट वेगळा जोडून शेवटी ते गट जोडावेत.

फोटोशॉप अधूनमधूनच्या कामाला पुरते. नियमित काम असेल, तर हेलिकॉन फोकस किंवा झिरीन स्टॅकर यांवर खर्च करणे मला योग्य वाटते, कारण त्यांत जोडणीची पद्धत निवडता येते आणि चुकलेली जागा मूळ फ्रेममधून ब्रशने आणता येते. झिरीनमध्ये डीमॅप आणि पीमॅक्स अशा दोन पद्धती आहेत, हेलिकॉनमध्ये त्यांच्या जवळच्या बी आणि सी. डीमॅप प्रत्येक ठिकाणाची खोली ठरवून तिथली फ्रेम घेते, त्यामुळे गुळगुळीत पृष्ठभाग, सोन्याचा रंग आणि उजेडाची उतरण जशीच्या तशी राहते. पण पुढची तार मागच्या तारेला ओलांडते तिथे ती चुकते. पीमॅक्स अशा गुंतागुंतीच्या जागी वरचढ आहे, मात्र ती नॉइज आणि कॉन्ट्रास्ट वाढवते. घोडीच्या चित्रासाठी दोन्ही जोडण्या कराव्यात, डीमॅपचे चित्र पायाला धरावे आणि तारा व दोरे एकमेकांवरून जातात तेवढ्याच जागा पीमॅक्समधून ब्रशने घ्याव्यात.

मोफत मार्गही आहे. हगिन या छायाचित्रे जोडण्याच्या मोफत सॉफ्टवेअरसोबत येणारा अलाइन इमेज स्टॅक हा प्रोग्रॅम फ्रेम जुळवतो आणि एनफ्यूज त्या जोडतो. एनफ्यूजमध्ये एक्स्पोजर आणि सॅच्युरेशनचे वजन शून्य, कॉन्ट्रास्टचे एक आणि हार्ड मास्क चालू, एवढे सांगावे लागते.

जोडलेले चित्र शंभर टक्के मोठे करून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सावकाश तपासावे. पुढच्या वस्तूची कड दूरच्या पार्श्वभूमीवर जिथे येते तिथे धूसर झालर दिसते. मण्यांभोवती ती हमखास येते, कारण मागचा भाग फोकसमध्ये असताना पुढचा मणी फुगून त्याच्या कडेचा भाग झाकतो. तो झाकलेला तपशील कोणत्याच फ्रेममध्ये नीट नसतो, त्यामुळे तिथे मण्याची रेखीव कड ज्या फ्रेममध्ये आहे तीच ब्रशने घ्यावी आणि लगतची पार्श्वभूमी धूसर राहू द्यावी. झालर फारच असेल, तर पुढच्या वेळी कॅमेरा जरा वर घेऊन मणी आणि घोडी यांतले कॅमेऱ्याच्या दिशेने मोजलेले अंतर कमी करावे. पृष्ठभागावर आडवे धूसर पट्टे दिसले, तर पाऊल मोठे पडले आहे, आणि त्याला पुन्हा छायाचित्रे घेण्याखेरीज इलाज नाही.

दुरुस्ती कुठे थांबवावी, हेही ठरवले पाहिजे. धूळ काढणे, झालर पुसणे ठीक. पण घोडीवरचा ओरखडा किंवा मोत्यावरचा खड्डा पुसणे म्हणजे ग्राहकाला वस्तू खोटी दाखवणे. स्टॅकिंग करायचे ते वस्तू आहे तशी दिसावी म्हणून.

सोने, बेदाणा, हळद आणि स्ट्रॉबेरी

मोत्याची नथ मेणाच्या बारीक गोळीवर उभी करतात. उन्हाळ्यात मेण मऊ होऊन नथ हळूहळू कलते, म्हणून पहिली आणि शेवटची फ्रेम एकावर एक ठेवून ती हलली नाही ना ते पाहावे. मोत्यावर तपशील जवळजवळ नसतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला खोली ओळखायला काही सापडत नाही. पाऊल आणखी लहान ठेवावे आणि डीमॅपवरच विसंबावे.

तासगावच्या बेदाण्याचा हिरवट पारदर्शकपणा दाखवायचा, तर उजेड मागच्या बाजूने यावा. पारदर्शक भागातून मागची धूसर कड दिसते आणि सॉफ्टवेअर फसते, म्हणून ढीग टिपण्याऐवजी सात-आठ दाणे एकमेकांपासून सुटे ठेवावेत. हॅलोजनच्या उष्णतेने दाण्यावर चिकट चमक येते, एलईडीच वापरावा.

हळकुंडाचा आणि पुडीचा पिवळा रंग रेड चॅनेलमध्ये सहज जळतो. एकत्रित हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या उजेडाचा आलेख, ठीक दिसत असला, तरी चॅनेलनिहाय हिस्टोग्राम पाहावा आणि लाल टोकाला टेकत असेल तर एक्स्पोजर अर्धा-पाऊण स्टॉप उतरवावे. नाही तर मोडलेल्या हळकुंडाच्या गाभ्याचा पोत, जो पाहून गिऱ्हाईक भाव ठरवते, तो सपाट पिवळ्या डागात जातो. रंगासाठी एका फ्रेममध्ये ग्रे कार्ड ठेवून घ्यावे.

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी फ्रिजमधून काढून लगेच टिपू नये. तिच्यावर दव धरते, ते थेंब स्टॅक चालू असतानाच मोठे होतात, एकमेकांत मिसळतात, आणि जोडलेल्या चित्रात एकाच थेंबाच्या दोन-तीन कडा उमटतात. ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, कोरडी करावी आणि हिरवी पाने कोमेजू लागण्याआधी काम उरकावे. येथे मोठे पाऊल आणि कमी फ्रेम हा तोटा पत्करणे शहाणपणाचे आहे, कारण फ्लॅशला वेळ देत घेतलेल्या साठ फ्रेममध्ये पाने नक्की हलतात.

अंतिम चित्र एसआरजीबी रंगात, लांब बाजू किमान दोन हजार पिक्सेल ठेवून जेपेगमध्ये काढावे आणि शार्पनिंग याच टप्प्यावर, आकार लहान केल्यानंतर करावे. सुट्या रॉ फ्रेम मात्र पुसू नयेत. प्रत्येक स्टॅक वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून नावात वस्तू, लेन्स, ॲपर्चर आणि पावलाचा आकडा लिहावा. छापील कॅटलॉगसाठी कारागिराने तेच चित्र मोठे मागितले, तर त्याच फ्रेममधून पुन्हा जोडणी करता येते, आणि तशीच दुसरी घोडी टिपायची वेळ आली, तर मोजणी पहिल्यापासून करावी लागत नाही.